खळ्यावरची मोटारशर्यत

आमच्या कंपनीत नवं मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनिअर परत जाताना मला एक खोका देऊन गेला आणि माझ्या अब्रूची घसरण तिथून सुरू झाली.

मी चिकलठाण्याच्या कंपनीत स्टोअरकीपर. दोन महिने त्या माणसाला लागेल तो नट आणि लागेल तो बोल्ट मी त्यानं मागण्याआधीच काढून दिला होता. एका रविवारी स्कूटरवर मागं बसवून वेरूळही दाखवून आणलं होतं. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय, हे मी त्याला हातवारे करून समजावलं. तो बराच वेळ डोंगराकडं बघत राहिला आणि मग त्यानं एकच विचारलं, "ड्रॉइंग कुठंय?" असा हा सज्जन. त्याला दोष देता येत नाही.

खोका फुलाफुलांच्या कागदात गुंडाळलेला होता. आकारावरून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे आवडानं, तो मिक्सर असल्याचं जाहीर केलं आणि ओट्यावर जागाही केली. कागद फाडला तर खोक्यावर मोटारीचं चित्र आणि आत लहान लहान पिशव्यांत साडेतीनशे सुटे भाग. सोबत जपानी भाषेतलं पुस्तक आणि लांब काडीचा, रेडिओसारखा दिसणारा एक डबा.

"मोटार आहे," मी म्हणालो. "हातभर लांब. लांब उभं राहून ह्या डब्यानं चालवायची."

"चटणी होते का तिच्यात?" असं विचारून आवडानं ओट्यावर परत तिखटमिठाचे डबे मांडले.

आता वास्तविक तो खोका मी माळ्यावर टाकायला हवा होता. पण साडेतीनशे भाग समोर असताना स्टोअरकीपरला झोप लागत नाही. मी सगळे भाग ताटांत ओतले, मोजले, त्यांची यादी केली. यादी पूर्ण झाल्यावर मला त्यातल्या एकाही भागाचं काम ठाऊक नाही हे लक्षात आलं. शिवाय घरात जेवायला ताट उरलं नव्हतं.

तेव्हा मी पुंडलिक हिवराळेंना घरी बोलावलं. पुंडलिकराव आमच्या टूलरूमचे टर्नर. लेथवर त्यांचा हात असा, की केसाचे चार भाग करून मागितले तर "लांबीत का रुंदीत?" असं विचारतील. त्यांनी जपानी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं आणि बाजूला ठेवलं.

"गाडेकरसाहेब, वाचायचं काय त्याच्यात? भागच सांगत्यात कुठं बसायचं ते."

भागांनी सांगितलं आणि तीन रविवारांत मोटार उभी राहिली. फक्त चार स्क्रू उरले. ते जपान्यांनी आपल्याकडच्या हवेसाठी जादा दिले असावेत असं मी ठरवलं. रेडिओची बाजू बघायला पुंडलिकरावांनी शहागंजातल्या मुनीरभाईंना आणलं. मुनीरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. जगातली कोणतीही वस्तू कानाशी नेऊन तिचा आजार ओळखायचा त्यांना छंद होता. त्यांनी मोटार कानाला लावली.

"माशाल्ला, दिल तो अच्छा है इसका," ते म्हणाले. "चलाव मियाँ, देखते क्या हो!"

आमच्या सिडकोतल्या गल्लीत त्या रविवारी सकाळी दहा वाजता मोटार पहिल्यांदा सुटली. सुटली म्हणजे शब्दशः सुटली. मी डावीकडं वळवली की ती उजवीकडं जाई, कारण पुस्तकाप्रमाणंच एक भागही उलटा बसला होता. भाजीच्या गाडीखालून, एका सायकलच्या आरपार, ती शेजारच्या नानासाहेबांच्या फाटकातून आत शिरली. आणि आतून आरोळी आली, "गेला! टीव्ही गेला!"

नानासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं कालव्यांना पाणी सोडण्याचे हुकूम दिल्यानं त्यांचा आवाज अजून मैलभर जाई. ते रविवारची मालिका बघत होते आणि आमच्या डब्याचं बटण दाबलं की पडद्यावरच्या देवांच्या अंगावरून मुंग्या चालत होत्या.

"गाडेकर, हे काय आहे?"

"मोटार."

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी एकदा मोटारीकडं, एकदा माझ्या टकलाकडं पाहिलं. मग मोटार उचलून माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण माणूस मोठा विलक्षण प्राणी आहे. चौथ्या दिवशी हेच नानासाहेब संध्याकाळी येऊन आमच्या दारापुढच्या ओट्यावर बसले आणि सल्ला देऊ लागले. मोटारीचं वजन पुढं हवं. नाही, मागं हवं. वळणाला उतार द्या. आठवड्याभरात ते म्हणाले, "हे असं विस्कळित चालणार नाही. संस्था पाहिजे. संस्थेला अध्यक्ष पाहिजे." आणि दुसऱ्या कोणाला सुचायच्या आत तेच अध्यक्ष झाले. 'औरंगाबाद लघुमोटार मंडळ' असं छापलेले पत्रांचे कागद त्यांनी स्वतः करून आणले. मंडळात अध्यक्ष नानासाहेब, रेडिओतज्ज्ञ मुनीरभाई आणि चालक म्हणून मी व पुंडलिकराव, असे चौघंच होतो.

पुंडलिकरावांकडं मोटार कुठली, असं तुम्ही विचाराल. त्यांनी ती केली. कंपनीच्या भंगारातून रीतसर पास काढून नेलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, लेथवर कातलेली नायलॉनची चाकं, त्यावर स्कूटरच्या ट्यूबचं रबर, बॉलपेनच्या स्प्रिंगा आणि मुनीरभाईंनी सोल्डर करून जुळवलेला रेडिओ. दिसायला ती जेवणाच्या डब्याला चाकं लावल्यासारखी होती. माझी जपानी मोटार लाल, चकचकीत, वाऱ्यासारखी पळे आणि तितक्याच वेगानं उलटे. त्यांचा डबा संथपणे खड्ड्यात उतरे आणि संथपणे वर येई.

"पुंडलिकराव, हिला जरा वेग द्या," मी म्हणायचो.

"पोचती ना साहेब? मंग."

माझी मोटार उलटू नये म्हणून मी तिच्यात सुधारणा सुरू केल्या. शिशाचे तुकडे लावले, तर ती चढावर थांबली. चाकं मोठी केली, तर ती बेडकासारखी उड्या मारू लागली. तिचं वरचं कवच फुटलं, तेव्हा मी श्रीखंडाच्या डब्याचं नवं कवच केलं. आवडानं ते पाहिलं आणि डबा रिकामा करण्यासाठी मी एकट्यानं किती श्रीखंड खाल्लं याची चौकशी सुरू केली. ती वेगळी कथा आहे.

हे सगळं चाललं होतं ते दिवस त्र्याण्णव सालचे. शहर वाढत होतं; वाळूजकडं रोज एक नवी शेड उभी राहत होती. आणि दुसरीकडं विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न सोळा वर्षं लोंबकळून आता पुन्हा तापला होता. मोर्चे, बंद, बंदोबस्त. अशा वेळी कोणीतरी पोलिसांना कळवलं, की सिडकोत एक टक्कल पडलेला इसम गच्चीवर लांब काडी घेऊन कोणाला तरी संदेश पाठवतो.

हवालदार कचरू आले तेव्हा आम्ही चौघं गच्चीतच होतो.

"जमावबंदी हाय, ठाऊक नाय का? पाच माणसं जमवून काय चाललंय?"

"आम्ही चारच आहोत," नानासाहेब म्हणाले.

हवालदारांनी बोट दाखवत मोजलं. "एक, दोन, तीन, चार." मग थोडं थांबून, "आन् पाच."

"पाचवे तुम्ही."

हवालदार दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले आणि तिथून त्यांनी पुढची चौकशी केली. कायद्याबद्दल इतका आदर मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे. चौकशीचा निष्कर्ष असा, की डबा वायरलेस आहे आणि वायरलेसला लायसन लागतं.

लायसनसाठी मी रजा टाकून तीन कचेऱ्या फिरलो. पहिल्या कचेरीतला कारकून म्हणाला, रेडिओचं लायसन कधीच बंद झालं. दुसऱ्या कचेरीत विचारलं, "हा गाणी लावतो का?" मी नाही म्हणालो. "बातम्या?" नाही. "मग हा रेडिओ कशावरून?" तिसऱ्या कचेरीत एक वयस्कर साहेब होते. त्यांनी मोटार टेबलावर चालवून पाहिली, दोनदा चालवून पाहिली, शिपायाला बोलावून त्यालाही दाखवली आणि म्हणाले, "हे खेळणं आहे. तसं प्रतिज्ञापत्र करून पोलिसांना द्या."

कोर्टाच्या आवारात, पिंपळाखाली, टंकलेखकानं कागद मशीनमध्ये घातला आणि आजूबाजूच्या वीसेक पक्षकारांना ऐकू जाईल अशा आवाजात तो मजकूर बोलू लागला.

"मी, सूर्यभान गाडेकर, वय?"

"चव्वेचाळीस."

"तुमचं नव्हं. खेळणाऱ्याचं."

"चव्वेचाळीसच."

त्याचे हात थांबले. शेजारचा एक म्हातारा जमिनीचा दावा विसरून माझ्याकडं बघू लागला. "सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर मोटार हे खेळणं असून मी ते निव्वळ खेळण्यासाठी वापरतो." खट्ट. "बापाचं नाव?"

बापाचं नाव आप्पा. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरामागं गेलं. पुढं फुलंब्रीच्या अलीकडं चार एकर जमीन झाली, विहीर झाली. आपला पोरगा शिकून कंपनीत मोठा माणूस झाला अशी त्यांची समजूत होती आणि मीही ती मोडायला कधी गेलो नव्हतो. त्या कागदावर त्यांचं नाव उमटताना मला फार अवघडल्यासारखं झालं. सही मात्र केली.

प्रतिज्ञापत्र झालं आणि अध्यक्षांना जोर चढला. मुनीरभाई ज्या दुकानातून सामान मागवत, तिथून त्यांना पुण्याच्या एका क्लबाचा पत्ता मिळाला होता. नानासाहेबांनी आम्हाला न विचारता छापील कागदावर पुणेकरांना आव्हान पाठवलं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शर्यत. पुणेकरांचा होकार आला आणि चार दिवसांत शहराची हवा आणखी तापली. मैदानाची परवानगी मागायला गेलो, तर तिथल्या साहेबांनी वर न बघताच हात हलवला. येऊ नका म्हणून पुण्याला तार केली. तिचं उत्तर शनिवारी दुपारी मिळालं, ते तारेनं नव्हे, फोननं. पुणेकर निघालेच होते, आणि वाटेतल्या सुप्याहून बोलत होते.

मंडळाची तातडीची सभा झाली. औरंगाबादची अब्रू, असं नानासाहेब तीनदा म्हणाले.

"आमच्या गावाकडं खळं आहे," मी बोलून गेलो. "शेणानं सारवलेलं, टणक. सध्या मोकळंच आहे."

सगळे खूष झाले. सभा संपल्यावर पुंडलिकरावांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, तुमच्या गावाला मी यावं का?"

"म्हणजे काय? का नको?"

"दिवस कसले हायेत ते बघा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत आमचं गावातलं घर जळालं. तवापासून मी शहराबाहेर कुणाच्या उंबऱ्याला गेलो नाय. तिथं कुणी वाकडं बोललं, तर मला ऐकून घेता यायचं नाय आन् तुम्हाला बोलता यायचं नाय."

"आमचे आप्पा तसे नाहीत," मी ठासून म्हणालो. ठासून म्हणालो, कारण मला खात्री नव्हती. मी पोर असताना आमच्या ओसरीच्या वळचणीला एक वेगळा पेला खोचलेला असायचा. तो कधी गेला, की गेलाच नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. बावीस वर्षं कंपनीत शेजारी बसून डबा खाणारा मी, हे कधी पाहिलंच नव्हतं.

तशीच स्कूटर काढून मी गावी गेलो. आप्पा बाजेवर बसून लोकर निवडत होते. मी खळ्याचं सांगितलं. मोटारी म्हटल्यावर त्यांनी आधी, खळं खचंल का, ते विचारलं. मी हातानं मोटारीचं माप दाखवलं.

"आन् ह्याच्यासाठी पुन्याहून मानसं येनार?"

"हो."

"शिकलेली?"

"हो."

"बरं," आप्पा म्हणाले.

मग मी घसा साफ केला. "आप्पा, माझ्याबरोबर पुंडलिकराव येतील. हिवराळे. टूलरूममध्ये असतात. म्हणजे ते... सध्याचे दिवस..."

आप्पांनी लोकर खाली ठेवली. "सूर्यभान, मानूस येनार हाय ना आपल्या घरी? मंग नाव सांग, काम सांग. बाकीचं काय सांगाया लागला?"

मी मान खाली घालून काम सांगितलं. लेथ, यंत्रं.

"इंजनातलं कळतं का त्याला? आपलं हिरीवरचं इंजन बंद पडलंय. गहू वाळाया लागलाय."

रविवारी सकाळी पुणेकरांची मेटॅडोर धूळ उडवत आली. तिघंजण होते. त्यांच्या सेक्रेटरींच्या डोक्यावर पांढरी टोपी, हातात पांढरे मोजे आणि मोटार ठेवायला कुलपाची पेटी. ती उघडली तर आत माझ्याच मोटारीची सख्खी बहीण, फक्त निळी आणि श्रीखंडाचा डबा नसलेली.

आई, म्हणजे भागूबाई, चहा घेऊन बाहेर आली. मी तिच्या हातातल्या ट्रेकडं बघत होतो. आयुष्यात इतक्या धास्तीनं मी कधी चहाकडं पाहिलेलं नाही. घरात कान शाबूत असलेला एकच कप होता, बशीसकट. बाकी स्टीलचे पेले. आईनं एक नजर सगळ्यांवरून फिरवली आणि बशीचा कप पुंडलिकरावांच्या हातात दिला. सेक्रेटरींना पेला मिळाला. तो इतका तापलेला होता, की त्यांना शेवटी हातमोज्यांचा काहीतरी उपयोग झाला.

"आई, पाहुणे ते आहेत, पुण्याचे," मी कुजबुजलो.

"ते चहा पिऊन जातील. हे इंजन बघनार हायेत," आई म्हणाली.

पुंडलिकरावांनी हे ऐकलं. विहिरीकडं जाता जाता ते मला हळूच म्हणाले, "म्हंजे इंजन चालू असतं, तर मला पेलाच ना?" हसून म्हणाले, आणि मी त्यांची हत्यारांची पिशवी उचलून पुढं निघालो.

विहिरीवर शेजारचे मल्हारराव आधीच येऊन उभे होते. त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजून सांगितलं, "आप्पा, आजकालच्या दिवसांत कुणाला कुठं आनावं, इचार कराया पायजे."

"आजकालच्या दिवसांत बी गव्हाला पानी लागतंच मल्हारराव," आप्पा म्हणाले. "तुमी सरका, उजेड अडतोय त्यांचा."

पुंडलिकरावांनी इंजिन उघडलं. आप्पा त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. मग आप्पांनी विचारलं, "गाव कोंचं तुमचं?"

"कन्नडकडलं. आता नाय ऱ्हात तिथं. अठ्ठ्याहत्तरात घर गेलं."

आप्पांनी बांधापलीकडं हात केला. "आमच्या शेजारच्या गावात बी झालं व्हतं तवा. हितून धूर दिसत व्हता. मी मेंढरं वाड्यात घातली आन् दार लावून बसलो. गेलो नाय."

हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात हे कधी कोणी बोललं नव्हतं.

पुंडलिकराव हातातला भाग चिंधीनं पुसत राहिले. पुसून झाला, तरी पुसत राहिले. "लई जण बसले व्हते दार लावून," ते शेवटी म्हणाले. मग पाना आप्पांच्या पुढं केला. "हे एवढं दाबून धरा, आप्पा."

आप्पांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आतलं बुश, म्हणजे दांड्याभोवतीची पितळी कडी, झिजलं होतं. ते लेथवर नवंच करावं लागणार होतं. तोवर मल्हाररावांच्या विहिरीवरून पाणी घेऊ, असं आप्पांनी मल्हाररावांच्या वतीनं तिथंच ठरवून टाकलं, आणि आम्ही खळ्यावर आलो.

शर्यत दहा फेऱ्यांची. खळ्याच्या कडेनं विटा मांडलेल्या, मधे तिवड्याचा खांब. एका बाजूला गाव जमलेलं. तिथं जमावबंदी नव्हती. दुसऱ्या बाजूला मेंढवाडा. मुनीरभाई लांब ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पुंडलिकरावांचे जादा सेल चार्ज करण्यात गुंतलेले. तेवढ्यात सेक्रेटरींनी मला विचारलं, "आपली फ्रिक्वेन्सी कोणती?"

ह्या प्रश्नाचा अर्थ मला माहीत नव्हता. पण वडील शेजारी उभे होते. "नेहमीचीच," मी म्हणालो.

नानासाहेबांनी मैलभर ऐकू जाईल असं "सोडा!" म्हटलं आणि तिन्ही मोटारी सुटल्या.

आणि काय सांगू! मी मोटार अशी कधी चालवलीच नव्हती. निळी मोटार वळली, की माझी लाल तिच्या खांद्याला खांदा लावून वळे. ती थांबली, की माझी थांबे. ती सुसाट, की माझी सुसाट. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. गाव टाळ्या वाजवू लागलं. इतक्या महिन्यांची साधना आज फळाला आली, असं मला वाटलं. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम आला होता. मागं पुंडलिकरावांचा डबा चौथी फेरी घालत होता.

"मपलाच ल्योक हाय तो," आप्पा कोणाला तरी सांगत होते. "कंपनीत लई मोठ्या जागंवर हाय."

आठव्या फेरीला मी घाम पुसायला एक हात काढला, तरी मोटार अचूक वळली. दुसरा हात काढला. तरी वळली. मग माझी नजर डब्यावरच्या लाल दिव्याकडं गेली. तो लागलेला नव्हता. सुरुवातीपासून माझा डबा बंदच होता. लाल आणि निळ्या मोटारीचा रेडिओ एकच, त्यामुळं माझी मोटार पुण्याचे सेक्रेटरी चालवत होते, आणि तीही अप्रतिम.

आता शहाण्या माणसानं गप्प राहायचं. पण घाबरून माझा अंगठा बटणावर पडला आणि डबा चालू झाला. त्या क्षणी दोन मोटारींना दोन धनी झाले. ते डावीकडं म्हणत होते, मी उजवीकडं. मोटारी दोघांचंही न ऐकता विटांवरून उडाल्या आणि थेट मेंढवाड्यात शिरल्या.

साठ मेंढरं एका दमात खळ्यावर आली. सेक्रेटरी टोपी सांभाळत तिवड्याला मिठी मारून उभे राहिले. आप्पांचा थोरला एडका दोन पावलं मागं सरला, त्यानं निळ्या मोटारीकडं नीट पाहिलं आणि अशी धडक दिली, की तिचं एक चाक मल्हाररावांच्या हद्दीत सापडलं. माझी मोटार एका मेंढीच्या लोकरीत अडकून तिच्याबरोबर निघून गेली.

या सगळ्या धुळीतून, साठ मेंढरांच्या पायांमधून, एक ॲल्युमिनियमचा डबा संथपणे येत होता. सातवी फेरी. पुंडलिकराव एका जागी उभे राहून मन लावून लीवर हलवत होते. मेंढी आली, की थांबत. मेंढी गेली, की निघत. आठवी. नववी. गाव आता श्वास धरून बघत होतं. दहाव्या फेरीला मुनीरभाई ट्रॅक्टरवर उभे राहून ओरडले, "आगया! अपना डब्बा आगया!" आणि मल्हारराव टाळ्या वाजवत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

अध्यक्षांनी भाषण पुणेकर जिंकणार या हिशेबानं लिहून आणलं होतं. त्यात 'पुणे' शब्द येईल तिथं 'पुंडलिकराव' म्हणत त्यांनी ते निभावून नेलं. त्यामुळं विद्येचं माहेरघर असलेल्या पुंडलिकरावांचा सगळ्यांना अभिमान वाटला. पुणेकर मोठ्या मनानं हसले आणि पिठलं-भाकरीवर तर असे तुटून पडले, की चाकाचं दुःख विसरले.

जेवणं झाल्यावर आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. "चांगली चालिवली तू. त्या एडक्यानं घात केला."

गप्प राहिलो असतो, तर त्यांचा तो समज कायम तसाच राहिला असता. पण सकाळी विहिरीवर मी त्यांना बोलताना ऐकलं होतं. "आप्पा, मी चालवतच नव्हतो," मी म्हणालो. "माझा डबा बंद होता." आणि सगळं सांगितलं. कोर्टातल्या कागदापर्यंत सांगितलं.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग ते इतके हसले, की आईला पाणी घेऊन यावं लागलं.

त्या शुक्रवारी संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. रविवारी मी आणि पुंडलिकराव पुन्हा गावी गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. आप्पांनी निरोप पुंडलिकरावांना दिला होता. त्यांच्या खिशात नवं बुश होतं आणि हातात पेढ्यांचा पुडा.

आप्पांनी पेढा घेतला. "काय झालं म्हनं नाव?"

पुंडलिकरावांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ."

"लई लांब झालं की."

"लांब नाय आप्पा. पुरं झालं."

आप्पांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि दुसरा पेढा घेतला.

बुश चपखल बसलं. इंजिनाचं हँडल मारायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी फिरवतोय, फिरवतोय, इंजिन नुसतं खोकतंय. घामाघूम झालो. आप्पा आणि पुंडलिकराव बांधावर बसून माझ्याकडं बघत होते.

"पुंडलिकराव," आप्पांनी विचारलं, "खरं सांगा. ह्यो कंपनीत नेमकं करतो काय?"

"स्टोअर सांभाळत्यात. सामान मोजून आत घ्यायचं, मोजून भाईर द्यायचं."

"आन् संध्याकाळी?"

"पुन्हा मोजायचं. कमी नाय ना भरलं, ते बघायचं."

"अरं, मंग मेंढरंच की!" आप्पा म्हणाले. "त्याच्यासाठी ह्याला मॅट्रिक कशापायी केला..."

तेवढ्यात इंजिन लागलं. धडधडाट सुरू झाला, पाइपातून पाणी उसळून माझ्या अंगावर आलं आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. दोघं बांधावर बसून हसताना मात्र दिसत होते.